वाढवलेला हौदा

ही गोष्ट खोटी म्हणायची असेल, तर आधी सोलापूरला जा. अक्कलकोट रोडवर उभे राहा. मे महिन्यात, दुपारी बाराला, डोक्यावर टोपी न घालता.

मग बोलू.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा उन्हाळा पाहिलेला नाही. उन्हाळ्यात रात्री अख्खं सोलापूर अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला बाजा टाकून पडलेलं असतं. भुताला पाय ठेवायला जागा नसते. खरी सामसूम असते ती दुपारी. कुत्रंसुद्धा गटारात जाऊन बसतं.

तर साल एकोणीसशे सत्त्याहत्तर. मे महिना. शनिवार. अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

आणि ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे सख्खे थोरले चुलते, तात्याबा.

तात्याबा गाड्यांचे हौदे बांधायचे. ट्रकचा, पिकअपचा मागचा माल भरायचा भाग, तो हौदा. अक्कलकोट रोडला तेव्हा यंत्रमागाच्या शेडा उठत होत्या. टॉवेल आणि चादरींच्या गाठी न्यायला गाड्या लागत होत्या. त्या रस्त्यावर तात्याबांची पत्र्याची शेड होती.

ते रागीट होते, असं म्हणणं म्हणजे सोलापूरला ऊन पडतं म्हणण्यासारखं आहे. एकदा हातोडी बोटावर बसली, तर त्यांनी ती विहिरीत भिरकावली. दुसऱ्या दिवशी विहिरीला शिव्या देत तीच काढून आणली. आणलेल्या हातोडीशी महिनाभर बोलले नाहीत.

पण हाताला गुण होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीनं लिलावात काढलेल्या अमेरिकन पिकअप त्या काळी गावोगाव पळायच्या. कंपनीचं नाव घेत नाही. तिचा काही दोष नव्हता. सगळ्या गाड्या दिसायला सख्ख्या बहिणी. त्यातली कुठली अर्ध्या टनाची, कुठली पाऊण टनाची, कुठली टनाची, हे भल्याभल्यांना कळायचं नाही. दाराच्या आत एक पत्र्याचा बिल्ला असायचा, त्यावर वजन लिहिलेलं असायचं. पण बिल्ला काय, चार रिबिटांवर बसलेला. हा काढा, तो ठोका.

"बिल्ला बोलंल ते ऐकू नका," तात्याबा म्हणायचे. "चाक काय म्हणतंय ते ऐका."

त्या गाड्यांच्या चाकाला पाच नट असले की अर्धा टन. आठ असले की त्याच्या वरची. मग खाली वाकायचं आणि मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे मोजायचे. अर्ध्या टनाला सात, टनाला अकरा. मग हौद्याच्या कडेला ताडपत्रीच्या काठ्या खोचायची चौकोनी घरं असतात ती बघायची. एका बाजूला तीन घरं, तर हौदा साडेसहा फुटी. चार घरं, तर आठ फुटी.

तात्याबा दहा पावलांवरून आकडा सांगायचे. मग टेप लावायचे. बोटभरही फरक पडायचा नाही.

त्यांचा आकडा चुकलाय असं म्हणणारा माणूस त्या रोडवर दुसऱ्यांदा दिसायचा नाही.

आणखी एक माणूस इथंच सांगून ठेवतो. दाक्षायणी. जवळच्या मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला यायची. जेवणाची सुट्टी झाली की तात्याबांच्या शेडसमोर लिंबाचं झाड होतं, त्याखाली येऊन बसायची. शेडकडं तोंड करून भाकरी खायची. एक शब्द बोलायची नाही. भाकरी संपली की फडकं झटकायची आणि जायची.

रोज. दोन वर्षं.

तात्याबांचा दिवसातला तेवढा अर्धा तास फार वाईट जायचा. त्या अर्ध्या तासात शेडमधली माणसं उगाच शिव्या खायची.

त्या शनिवारी ती यायच्या आधीच एक गाडी आली.

निळी पिकअप. रंग इतका नवा की ऊन तिच्यावरून घसरत होतं. आतून तिघं उतरली. तात्याबांची एकुलती मुलगी राजाबाई. तिचा नवरा रामहरी, करकंबचा. आणि गाड्यांचा दलाल येडू.

"आबा, गाडी बघा की!" राजाबाईनं हाक मारली. तिच्या पदरावर करकंबपासूनची धूळ होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मामा, तुमच्या शब्दावर थांबलोय," रामहरी म्हणाला. "टनाची म्हणत्यात. सकाळी वांगी-मिरची भरून पंढरपूरचा बाजार. परत येताना बाजारच्या बायका. ही फुडं बसणार माझ्याजवळ, गिऱ्हाईक सांभाळायला. रोजचं सुरू हुईल."

"तात्या, डोळं झाकून सांगा," येडू म्हणाला. "तुमी व्हय म्हनला की झालं."

तात्याबा विडी विझवून बाहेर आले. दहा पावलांवर थांबले.

आणि थांबूनच राहिले.

गाडी रिकामी होती. हौद्यात दोरीचा तुकडासुद्धा नव्हता.

पण मागचे पाटे...

पाटे सपाट बसले होते. टनावर माल भरावा, तसे. हौदा चाकाला टेकायला आला होता.

"भरलंय काय मागं?" तात्याबांनी विचारलं.

"काय न्हाय की. मोकळी हाय."

"मग पाटं का बसल्यात?"

"जुनी गाडी हाय तात्या," येडू हसला. "तुमचं न् माझं गुडघं न्हाय का बसलं?"

तात्याबा हसले नाहीत. पुढं गेले. चाकाशी उकिडवे बसले आणि नट मोजले.

पाच.

बिल्ला टनाचा होता. चाक अर्ध्या टनाचं होतं.

त्यांनी कडेची चौकोनी घरं मोजली. चार. पण पहिली तीन घरं कारखान्यात ठोकलेली, कडा गोल. चौथ्याच्या कडा कानशीनं घासलेल्या. हातानं.

तात्याबांनी हौद्याखाली हात घातला. चाकाच्या मागं, वीतभर अंतरावर, बोटांना जोड लागला.

प्रत्येक माणसाचं अक्षर वेगळं असतं, तसा प्रत्येकाचा जोड वेगळा असतो. तात्याबांनी बोट फिरवलं. आणि हात पोळल्यासारखा मागं घेतला.

जोड त्यांचाच होता.

आता मागचं सांगायला हवं.

पंच्याहत्तर साली ही गाडी हिरवी होती. चादरींच्या गाठींची वाहतूक करणारा एक मालक होता, मानसिंगराव. त्यानं ही अर्ध्या टनाची गाडी तात्याबांकडं आणली. म्हणाला, हौदा साडेसहाचा आहे, आठचा करून द्या. खिशातून भंगारातल्या टनाच्या गाडीचा बिल्ला काढला. म्हणाला, हा पण ठोका.

तात्याबांना कळत होतं. हौदा वाढवल्यानं गाडीची ताकद वाढत नाही. उलट वाढवलेला भाग चाकाच्या मागं लोंबकळतो. पण हमाल काही बिल्ला वाचत नाहीत. हमाल हौदा बघतात. पुढच्या फळीपासून मागच्या उघडत्या फाळक्यापर्यंत जागा दिसली की गाठी भरतात. जागा संपली की माल पुरा झाला, हाच त्यांचा काटा.

तात्याबांनी हौदा वाढवला. बिल्ला ठोकला. आणि काम इतकं सुबक झालं की स्वतःच महिनाभर कौतुक करत होते.

त्या गाडीवर ड्रायव्हर होता शिवयोगी. अक्कलकोटकडचा. सावकाश बोलणारा, कानडी वळणाचा माणूस. एका दुपारी तो शेडवर आला.

"तात्या, उतारावर पुढचं चाक हलकं लागतंय बघा. स्टेरिंग फिरतंय, गाडी फिरत न्हाय. ते वाढवलेलं काढा की हो."

"माझ्या हौद्याला नाव ठेवतोस?" तात्याबा कडाडले. "आधी गाडी चालवायला शीक! चल, निघ!"

शिवयोगी गेला. जाताना म्हणाला, "मी काय भांडायला आलो न्हाय, तात्या."

आठ दिवसांनी बोरामणीच्या पुढं वळणावर गाडी सरळ गेली. वळलीच नाही. मागून गाठी येऊन केबिनवर बसल्या, शिवयोगी जागीच गेला.

पोलिसांनी जाणकार म्हणून कुणाला बोलावलं? तात्याबांना. पंचनाम्यात त्यांची तीन वाक्यं आहेत.

गाडी टनाची. हौदा आठ फुटी. चूक ड्रायव्हरची.

चाकाचे नट कुणी मोजले नाहीत. मोजता येणारा एकच माणूस तिथं होता, आणि तो गप्प बसला.

शिवयोगीची बायको म्हणजे दाक्षायणी.

हे सगळं त्या दुपारी तात्याबांच्या डोक्यातून सर्रकन गेलं. समोर लेक उभी. ती रोज या गाडीत पुढं बसणार. पंढरपूरच्या वाटेवरचे चढ-उतार, मागं मिरच्यांची पोती आणि बाजारच्या बायका.

खरं सांगावं, तर तीस वर्षांचं नाव मातीत. कदाचित बेडी.

तात्याबांना आधी आला तो राग. मानसिंगरावाचा राग आला, की भंगारात घालायची गाडी यानं रंगवून विकायला काढली. येडूचा आला. जावयाचा आला, की साऱ्या जगात याला हीच गाडी सापडली!

"घ्यायची न्हाय," ते म्हणाले.

"आं? का?"

"इंजन गेलंय."

"मेस्त्रीनं कालच उघडून बघितलंय मामा. चांगलं हाय."

"मग रंग वाईट हाय. म्या सांगतोय न्हवं, घ्यायची न्हाय म्हंजी न्हाय!"

"आबा, कारन सांगा की," राजाबाई म्हणाली. "आमी काय लहान हाय व्हय?"

तात्याबांनी चाकाला लाथ मारली.

रामहरीचा चेहरा पडला आणि मग हळूहळू लाल झाला. "मला ठाव हाय. जावयानं सोताचं काय केलं की तुमच्या पोटात दुखतंय. बैल घेतलं तवा बी असंच. येडूभाऊ, सौदा पक्का. मामा, तुमी नुसतं माप सांगा. टन किती न् हौदा किती. बाकी मी बघतो."

तेवढ्यात...

हौद्यात फळी करकरली.

एकदाच. मागच्या टोकाला. कुणीतरी मांडी बदलून बसावं, तशी.

चौघांनीही तिकडं पाहिलं. हौदा रिकामा. फळ्यांवर ऊन.

"उन्हानं लाकूड तडकतंय," येडू म्हणाला. पण तो एक पाऊल मागं सरकला होता.

समोर लिंबाखाली दाक्षायणी येऊन बसली होती. आज तिनं भाकरी सोडली नव्हती. ती गाडीकडं बघत होती.

तात्याबांनी ठरवलं. आठ म्हणायचं, टेप दाखवायचा आणि रात्री लेकीला बाजूला घेऊन काहीतरी समजावायचं. आठ तर आठ. हौदा आता आठचाच होता की, ते काही खोटं नव्हतं.

त्यांनी टेप काढला. चामड्याच्या डबीतला पोलादी टेप, टोकाला पितळी कडी. पोलाद ताणलं जात नाही, हे लक्षात ठेवा.

"टोक धर फुडच्या फळीला," ते म्हणाले आणि कडी हौद्यात सोडली. स्वतः फाळक्याशी उभे राहिले.

टेप सरसर पुढं गेला. ताठ झाला.

त्यांनी वाकून आकडा बघितला.

साडेनऊ.

"नीट धर!" ते ओरडले. टेप सैल पडला. परत ताठ झाला.

साडेनऊ.

"किती मामा?"

तात्याबांनी डोळे पुसले. हौदा समोर होता. डोळ्यांना आठ दिसत होता. तीस वर्षांत डोळा चुकला नव्हता.

"किती म्हनला?" येडूनं वाकून पाहिलं. "साडेनऊ? तात्या, पिकअप हाय ही, यस्टी न्हवं!"

शेजारच्या चहाच्या टपरीवर यंत्रमागवाले बसले होते. तिथून कुणीतरी हसलं. "म्हातारं गेलं बगा कामातनं."

तात्याबांच्या कपाळावरची शीर उठली. त्यांनी टेप हिसकून गुंडाळला. पुन्हा कडी आत सोडली. "धर म्हणतोय न्हवं नीट! फळीला टेकव!"

टेप गेला. सरसर... सरसर... जरा जास्तच वेळ गेला. मग ताठ.

अकरा.

टपरीवरचे उठून जवळ आले. पाच-सहा माणसं. उन्हात डोळे बारीक करून बघत होती. "अकरा आलं की आता!" "तात्या, अजून एकदा मोजा, पंढरपूरपातूर जाईल!"

हशा.

"मामा," रामहरी म्हणाला. आवाज वेगळाच होता. "मामा..."

"काय मामा मामा? तू टोक धर नीट!"

"मी हितं हाय, मामा."

तात्याबांनी मान वळवली.

रामहरी त्यांच्या शेजारी उभा होता. राजाबाई त्याच्या पाठीमागं. येडू चाकापाशी. सगळे फाळक्याच्या बाजूला.

हौद्यात कुणी नव्हतं.

टेप ताठ होता.

पुढच्या फळीशी पितळी कडी हवेत होती. फळीपासून चार बोटं वर. टेपाला बारीक हिसके बसत होते... माणूस कंटाळला की टोक हलवत राहतो, तसे.

हसणं थांबलं.

दुसरा कुणी असता तर टेप टाकून पळाला असता. आमचे तात्याबा पळाले नाहीत. भुताची भीती वाटायला आधी राग उतरावा लागतो, आणि राग काही उतरत नव्हता. कुणीतरी त्यांचं माप खोटं पाडत होतं. चारचौघांत. त्यांच्याच टेपानं.

त्यांनी टेप जोरात ओढला.

पलीकडून तितक्याच जोरानं ओढला गेला.

"सोड!" तात्याबा गरजले. "सोड म्हणतो!"

टेप डबीतून सर्रकन सुटला. साडेबारा. आकडा त्यांच्या अंगठ्याखाली येऊन थांबला. आणि त्याच वेळी फळ्यांवरून आवाज आला. ठक... ठक... ठक. हौद्याच्या पुढच्या टोकापासून मागं, त्यांच्या दिशेनं. पाय घासत, सावकाश चालणाऱ्या माणसाचा.

"साडेबारा," टपरीवाला कुजबुजला.

"न्हाय!" तात्याबांचा आवाज फाटला. "न्हाय साडेबारा! साडेनऊ न्हाय, अकरा न्हाय! आठ बी न्हाय! साडेसहाची गाडी हाय ही! अर्ध्या टनाची! साडेसहा! दीड फूट म्या जोडलंय, ह्या हातानं! बिल्ला म्या ठोकलाय! मला माप शिकवतोस व्हय? मला?"

टेप सैल पडला.

कडी फळीवर पडल्याचा आवाज झाला. टण्.

दूर कुठंतरी यंत्रमागांची खटखट तेवढी चालू होती.

राजाबाईनं तोंडावर पदर धरला होता. "आबा," ती म्हणाली, "ह्या गाडीत बसनार हुतो आमी. आन् तुमी रंग वाईट म्हनत हुता?"

तात्याबा टेप गुंडाळायला लागले.

लिंबाखालून दाक्षायणी उठली. भाकरीचं फडकं हातात घेऊन तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालत आली. लोकांनी वाट दिली. ती तात्याबांसमोर येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडातून शब्द निघाला.

"परत म्हण."

"सांगितलं की. साडेसहा."

"ते ऐकलं. माप मला काय करायचंय? तिथं कागदावर काय लिहिलंय ते मोड. त्यांची काय चूक न्हवती म्हण."

"मी माप सांगितलंय, बाई. खरं माप सांगितलंय."

"अय्यो, माप!" दाक्षायणीचा आवाज चढला. "मेलेला माणूस तुझ्याकडं माप मागायला आला व्हय रे? दोन वर्षं लोक मला म्हणत्यात, तुझ्या नवऱ्याला गाडी धरायला येत न्हवती. माझ्या सासूनं तेच ऐकत जीव सोडला. चार शब्द हायेत. म्हण!"

सगळे तात्याबांकडं बघत होते.

आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं होतं. शिवयोगी बरोबर होता. हौद्यात खोट होती. शेडवर येऊन त्यानं सांगितलं होतं, आणि तात्याबा चुकले होते.

तात्याबांनी दात आवळले.

"माप सांगितलं," ते म्हणाले. "आनखी काय माझा जीव घेता का?"

दाक्षायणीनं फडक्याची गाठ सोडली. मग तिनं फडकं झटकलं. न खाल्लेली भाकरी धुळीत पडली. तिनं उचलली नाही.

तेवढ्यात गाडी हलली.

इंजिन बंद. किल्ली येडूच्या हातात. फक्त मागचा भाग...

टण्... एक पाटा उठला.

टण्... दुसरा.

एकेक करत सातही पाटे वर आले. हौदा वीतभर उचलला गेला. रिकामी गाडी रिकाम्या गाडीसारखी उभी राहिली.

"उतरला," टपरीवाला म्हणाला आणि हात जोडले.

कोण उतरला, हे कुणी विचारलं नाही. उतरून कुठं गेला, हेही कुणी विचारलं नाही.

ते विचारायला हवं होतं.

रामहरीनं गाडी घेतली नाही. सासऱ्याशी बोलणंही सोडलं. राजाबाई माहेरी आली ती एकदम पाच वर्षांनी, आईच्या आजारपणाला. गाडीचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. येडू ती माळशिरसकडं घेऊन गेला, एवढंच ऐकलं. घेणाऱ्याला त्यानं काय सांगितलं असेल, देव जाणे.

सोमवारी तात्याबा चौकीत गेले. लोकांनी रोड डोक्यावर घेतला होता, न जाऊन चाललं नसतं. सोबतीला मी होतो.

हवालदारानं लिहून घेतलं. गाडी अर्ध्या टनाची. हौदा वाढवलेला. बिल्ला बदललेला. मानसिंगरावानं आणून दिला, यांनी ठोकला.

"मग चूक कुणाची?" हवालदारानं लेखणी थांबवून विचारलं. "ड्रायव्हरची होती का नव्हती? तसं लिहितो."

दाराबाहेर दाक्षायणी उभी होती. तिनं श्वास धरलेला मला दिसत होता.

तात्याबांचे ओठ हलले. मी देवाशपथ सांगतो, ते म्हणणार होते. पण हवालदार जरासा हसला. काही वाईट हसला नाही, उन्हानं त्रासलेला माणूस हसतो तसा. "म्हणजे ही बाहेरची बाई म्हणते तसं, ड्रायव्हरला कळलं, न् तुम्हाला नाही कळलं, असंच ना?"

"मी माप सांगितलंय!" तात्याबा उठले. "फुडचं तुमचं काम!"

कागदावर जुनं वाक्य तसंच राहिलं.

बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. टांगा केला. तात्याबा मागच्या बैठकीवर बसायला तयार होईनात. का, ते सांगेनात. मग आम्ही दोघंही पुढंच, टांगेवाल्याच्या शेजारी अंग चोरून दाटीनं बसलो. मागची बैठक मोकळी.

दहा-वीस पावलं गेलो असू.

टांगेवाल्यानं लगाम ओढला.

"चच्चा," तो वळून न बघताच म्हणाला, "पिच्छे बैठेसो आदमी कू बोलो, जरा सामने सरको. टांगा उठ रा."

मी मागं बघितलं.

कुणी नव्हतं.

पण टांगा मागं कलला होता. दांड्या वर गेल्या होत्या. घोड्याच्या पोटाखालचा पट्टा इतका आवळला होता की ते पुढचे पाय आपटत होतं.

तात्याबांनी मागं पाहिलं नाही. ते समोर बघत होते. मान ताठ. मानेवरून घाम वाहत होता.

"काका," मी हळूच म्हणालो, "म्हणून टाका की. चारच शब्द हायेत."

"म्हणणार न्हाय."

टांगा आणखी कलला.

मला राहवलं नाही. मला तेव्हा मिसरूड फुटून दहा वर्षं झाली होती, पण आवाज पोरासारखा निघाला. मी मागच्या रिकाम्या बैठकीकडं तोंड करून म्हणालो, "शिवयोगी, तुमची चूक न्हवती."

काही झालं नाही.

माझ्या तोंडचं त्याला नको होतं.

तात्याबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांचा पुतण्या नव्हेच. मग टांग्यातून उतरले. टोपी नीट केली आणि भर उन्हात अक्कलकोट रोडकडं चालू लागले.

टांगा तसाच कललेला.

एक... दोन... तीन.

मग मागचा भाग हलका झाला. दांड्या खाली आल्या. घोड्यानं फुरकन श्वास सोडला.

"दोनों उतरे?" टांगेवाल्यानं विचारलं.

समोर तात्याबा चालले होते. एकटे. भराभर. मधेच थांबायचे, मागं वळून ओरडायचे, "माप सांगितलंय न्हवं?" आणि परत चालायला लागायचे.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. टांग्यात बसले नाहीत, गाडीत बसले नाहीत, सायकललाही हात लावला नाही. सगळीकडं पायी. सोलापूरच्या उन्हात.

बरोबर चल, असं त्यांनी मला पुष्कळदा म्हटलं. मी पुढं चालायचो, नाही तर शेजारून.

त्यांच्या मागून मात्र कधी चाललो नाही. ती जागा मोकळी नव्हती.